छिद्र हृदयाला, आजार रक्ताचा: आधी काय करायचं?

शिरोळ तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची. महिनाभर येणारा-जाणारा ताप, पाय दुखतात म्हणून रडणं आणि मांड्यांवर निळे डाग, म्हणून कोल्हापुरात तपासण्या केल्या. बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) अहवालात रक्ताचा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया निघाला, मुलांत नेहमी दिसणाऱ्या बी-एएलएल प्रकारचा. निदानाच्या दिवशी पांढऱ्या पेशी 18,000 होत्या. केमो सुरू करण्याआधी टू-डी इको काढला तेव्हा हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला 4 मिलिमीटरचं छिद्र दिसलं. डॉक्टर म्हणतात, केमो लगेच सुरू करू. घरचे म्हणतात, आधी हृदयाचं ऑपरेशन उरकून घ्या, कारण ‘लाल इंजेक्शन हृदय खातं’. आई विचारतात: दोन्हींतलं आधी काय? मुंबईला हलवावं का? हृदयासाठी अर्जुनसालीचा काढा द्यावा का? गरोदरपणी माझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालं का? आणि शेवटी, ‘ती वाचेल ना?’

ताई,

तुमचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत. केमो आधी, आणि तीही लगेच. पत्रातल्या माहितीवरून हृदयाचं ऑपरेशन आत्ता करण्याचं कारण दिसत नाही. पुढेही कदाचित लागणार नाही.

रक्ताच्या कर्करोगात दिवस मोजून चालावं लागतं. बिघडलेल्या पेशी मॅरोतली जागा अडवतात, त्यामुळे चांगल्या पांढऱ्या पेशी, लाल पेशी आणि प्लेटलेट तिन्ही तयार होणं थांबतं. एखाद्या साध्या जंतूने अंगभर संसर्ग होऊ शकतो किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा मुलाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हार्ट-लंग मशीनवर घेणं म्हणजे रक्त पातळ करणारं हेपरिन देणं, आधीच कमी असलेल्या प्लेटलेट आणखी घटवणं आणि जखम भरायला लागणाऱ्या पेशी नसताना छाती उघडणं. शिवाय जखम भरेपर्यंत केमो थांबवावी लागते, आणि तेवढ्यात आजार पुढे जातो. उलट 4 मिलिमीटरचं छिद्र घेऊन सहा वर्षं वाढलेलं मूल पुढची दोन-तीन वर्षंही त्याच छिद्रासकट नीट काढू शकतं.

मात्र ‘4 मिलिमीटर’ एवढ्या आकड्यावर विसंबू नका. इकोच्या कागदावर आणखी तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा. डावीकडचे कप्पे फुगले आहेत का? फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढलेला आहे का? छिद्र पडद्याच्या कोणत्या भागात आहे? डावे कप्पे नेहमीच्या मापाचे, फुप्फुसाचा दाब नॉर्मल आणि अहवालात ‘रिस्ट्रिक्टिव्ह व्हीएसडी’ असं लिहिलं असेल (व्हीएसडी म्हणजे हेच खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र), तर छिद्र लहान आहे आणि हृदयावर त्याचा ताण फारसा नाही. पडद्याच्या स्नायूच्या भागातली छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. महाधमनीच्या झडपेला लागून असलेल्या छिद्रावर मात्र वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते, कारण झडपेची पाकळी छिद्राकडे ओढली जाऊन ती गळू लागण्याची शक्यता असते. हा धोका हळूहळू येतो. केमो थांबवण्याचं कारण तो नाही.

हृदय आधी सांभाळावं लागणारी मुलंही असतात. छिद्र मोठं आहे, मूल झोपेतही धापा टाकतंय, वजन धरत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो किंवा ओठ-नखं निळी पडतात, अशा मुलांचं गणित निराळं. पण तिथेही बहुतेक वेळा औषधांनी हृदयावरचा भार उतरवत कर्करोगाचा उपचार सुरू करतात आणि शस्त्रक्रिया कर्करोग आटोक्यात आल्यावर, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सावरल्यावर ठेवतात. तुमच्या मुलीला पुढे कधी छिद्र बंद करावं लागलंच, तर उपचार संपल्यावरचा किंवा मेंटेनन्सच्या, म्हणजे रोजच्या गोळ्यांच्या शेवटच्या लांब टप्प्यातला काळ त्यासाठी योग्य.

आता लाल इंजेक्शनाचं. हे डॉक्सोरुबिसिन, आणि त्याच कुळातलं दुसरं डॉनोरुबिसिन. या कुळाला ॲन्थ्रासायक्लिन म्हणतात. घरच्यांची भीती निराधार नाही, ही औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. पण ती इजा आयुष्यात मिळालेल्या एकूण डोसावर ठरते आणि तो डोस मोजता येतो. डोस शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने ठरवतात. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, त्याला 3600 ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. 112 सेंटिमीटर आणि 18 किलोच्या मुलीचं पृष्ठफळ साधारण 0.75 चौरस मीटर येतं. म्हणजे 25 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर असा एक डोस असेल तर तिला प्रत्यक्षात जेमतेम 19 मिलिग्रॅम औषध मिळतं.

एकूण डोस 250 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त झाला तर हृदयाला धोका जास्त मानतात. 100 ते 250 मध्ये मध्यम, 100 च्या खाली कमी. तुमच्या मुलीचं वय 1 ते 10 च्या मधलं आणि पांढऱ्या पेशी 50,000 च्या खाली, म्हणजे सुरुवातीच्या खुणांवरून ती कमी धोक्याच्या गटाकडे झुकते. या गटाच्या बऱ्याच उपचार-पद्धतींत या औषधांचा एकूण डोस 75 च्या आसपास असतो. जास्त धोक्याच्या गटात तो 175 पर्यंत जाऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘पूर्ण उपचारात हिला ॲन्थ्रासायक्लिन एकूण किती मिळणार?’ मिळालेला आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक डोसानंतर बेरीज करत चला. मूल एका रुग्णालयातून दुसरीकडे गेलं की हीच बेरीज हरवते. उपचार पुरे झाल्यावर ती बेरीज शोधत बसण्यापेक्षा आत्ताच लिहिलेली बरी.

डेक्सराझोक्सेन नावाचं हृदयाचं रक्षण करणारं औषध आहे. डॉक्सोरुबिसिनच्या दहापट मात्रेत ते त्याच्या अगदी आधी शिरेतून देतात. एकूण डोस मोठा असेल तिथे त्याचा उपयोग स्पष्ट आहे. तुमच्या मुलीसारख्या कमी डोसाच्या उपचारात ते सगळे वापरत नाहीत. पण हृदयाला जन्मतः दोष आहे म्हटल्यावर हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञ आणि बालहृदयरोगतज्ज्ञ दोघांसमोर ठेवायला हवा. हृदयाचा दोष आहे म्हणून डॉक्सोरुबिसिन परस्पर कमी करा किंवा गाळा, असा आग्रह मात्र कोणीही धरू नये. डोस कमी केला की आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि आजार उलटला की याच कुळातली औषधं पुन्हा, आणखी जास्त द्यावी लागतात. व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन यांचा हृदयाच्या स्नायूवर तसा परिणाम होत नाही. इंजेक्शनानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचाच रंग, रक्त नव्हे.

इकोबद्दल थोडं सविस्तर, कारण गोंधळ इथेच जास्त होतो. हिमोग्लोबिन 5 किंवा 6 असताना आणि ताप असताना हृदय जोरात धडधडतं. अशा वेळी काढलेला इको हृदयाची खरी ताकद सांगत नाही. कधी ती चढलेली दिसते, कधी थकलेली. रक्ताच्या कमतरतेमुळे नुसतीच हृदयात घरघर ऐकू येणंही नेहमीचं आहे. म्हणून निदानाच्या वेळचा इको हा पहिला अंदाज म्हणून ठेवा आणि रक्त भरून निघाल्यावर, ताप नसताना, लाल इंजेक्शनाच्या टप्प्याआधी दुसरा काढायला सांगा. अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, आकड्यात हवं. ‘हृदयाचं काम चांगलं’ एवढं पुरत नाही. साधारण 55 टक्के किंवा जास्त असेल तर ठीक. एकाच मुलाचा इको दोन जणांनी काढला तर पाच-सात टक्क्यांचा फरक नुसत्या मोजणीत पडतो. त्यामुळे शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर, मुलांचे इको रोज करणाऱ्या डॉक्टरांकडूनच तपासा. आधीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त घसरण झाली आणि आकडा पन्नाशीच्या जवळ आला, तर पुढचा डोस देण्याआधी दोन्ही डॉक्टरांनी बोलायला हवं.

पहिल्या चार-पाच आठवड्यांत हृदयाला खरा त्रास होतो तो पाण्याचा. केमो लागू पडली की लाखो पेशी एकदम मरतात, त्यांतून पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात येतं आणि किडनी तुंबू शकते. ते धुऊन काढायला सलाईन नेहमीपेक्षा खूप जास्त देतात, दिवसाला 2 ते 3 लिटर प्रति चौरस मीटर. तुमच्या मुलीच्या मापाने 3 लिटरचा हिशेब धरला तर दिवसाला सव्वादोन लिटर, म्हणजे तासाला सुमारे 94 मिली. त्याच दिवशी रक्त चढलं, प्लेटलेट चढल्या, अँटिबायोटिकची सलाईनं लागली तर हे सगळं एकावर एक चढतं. धडधाकट हृदय ते पेलतं. छिद्रातून जास्तीचं रक्त फुप्फुसात ढकलणारं हृदय पेलेलच असं नाही. म्हणून वॉर्डातल्या प्रत्येक पाळीच्या सिस्टरना आणि निवासी डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा: ‘हिला व्हीएसडी आहे.’ केसपेपरवर ते लाल शाईने लिहून घ्या. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर रक्त थोडं थोडं आणि सावकाश चढवतात, किलोला 5 मिली, चार तासांत. 18 किलोच्या मुलीला म्हणजे 90 मिली.

तुमच्या हातातलं काम म्हणजे वजन आणि लघवी. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. लघवी मापाच्या भांड्यात धरून लिहा. एका दिवसात अर्धा-पाऊण किलो वाढलं, पापण्या सुजल्या, आडवं झोपता येत नाही म्हणून मुलगी उठून बसते आहे, किंवा शांत झोपेत मिनिटाला 30 हून जास्त श्वास मोजले गेले, तर राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सांगा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही.

औषधं देण्यासाठी शिरेत किंवा छातीत बसवलेल्या नळीची, म्हणजे पिक लाइनची किंवा पोर्टची काळजी या मुलीला इतरांहून काटेकोर लागेल, दोन कारणांनी. पहिलं, पडद्याला छिद्र असलं की शिरेतून गेलेला हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळी क्वचित प्रसंगी फुप्फुसात अडकण्याऐवजी डावीकडे सरकून मेंदूपर्यंत जाऊ शकते. लहान छिद्रात रक्त डावीकडून उजवीकडे वाहतं म्हणून हे सहसा घडत नाही, पण खोकताना, रडताना दाब क्षणभर उलटू शकतो. सलाईनच्या नळीतले बुडबुडे काढल्याशिवाय जोडू द्यायचं नाही. वॉर्डात फिल्टर असेल तर लावायला सांगा. ॲस्पॅराजिनेज या औषधाने गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते, त्या आठवड्यांत डोकं खूप दुखणं, उलट्या, झटका, हात सुजणं यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा.

दुसरं कारण जंतूंचं. लाइनमधून रक्तात शिरलेले जंतू छिद्राच्या कडांवर घर करू शकतात. हात साबणाने धुतल्याशिवाय आणि लाइनचं टोक स्पिरिटच्या स्वॅबने 15 सेकंद घासल्याशिवाय कोणीही लाइन उघडू नये, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. ड्रेसिंग आठवड्याला एकदा, आणि ओलं झालं तर त्याच दिवशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात आंघोळीच्या वेळी लाइनवर प्लॅस्टिक गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद कराव्या लागतात. दात मऊ ब्रशने दोनदा घासा. दात काढायची वेळ आली तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. साध्या, न शिवलेल्या व्हीएसडीसाठी दातांच्या कामाआधी हृदयाच्या कारणाने अँटिबायोटिक द्यावं असं आता सांगत नाहीत, पण पांढऱ्या पेशी कमी असतील तर तो निर्णय निराळा होतो.

तापाचा नियम पाठ करा. 100.4 फॅरनहाइट तासभर टिकला किंवा एकदाच 101 आला, की निघायचं. पॅरासिटामॉल देऊन उतरतो का बघत बसायचं नाही, गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं, आणि त्याआधी लाइनमधून ब्लड कल्चर (रक्तातला जंतू शोधणारी तपासणी) घेतलेलं हवं. कल्चर न घेता अँटिबायोटिक सुरू केलं की कोणता जंतू होता ते कळायचं राहून जातं. हृदयाला छिद्र असलेल्या मुलात ते कळणं फार गरजेचं आहे. कल्चरमध्ये तोच जंतू पुन्हा पुन्हा आला तर इको करून हृदयात जंतूंची गाठ धरली आहे का तेही बघावं लागतं.

शिरोळ तालुका म्हणून एक गोष्ट वेगळी लिहितो. 2019 आणि 2021 च्या पुरात तुमच्या भागातले रस्ते दिवसचे दिवस बंद होते, 2019 ला शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता. मुलीचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालेल, म्हणजे दोन पावसाळे तरी त्यात येतील. जूनमध्येच डॉक्टरांशी ठरवा: रस्ता कोल्हापूरकडे बंद झाला तर मिरजेला कुठे जायचं, आणि दोन्हीकडे बंद झाला तर काय. मिरजेच्या त्या रुग्णालयात दाखवायला एक पत्र आधीच लिहून घ्या. त्यात निदान, कोणता टप्पा चालू आहे, व्हीएसडी, एकूण ॲन्थ्रासायक्लिन, शेवटचा इको आणि ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक, एवढं असलं की तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचतो. मेंटेनन्सच्या गोळ्या जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभराच्या जादा घरात हव्यात. फाइल झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो दोन जणांच्या फोनमध्ये. पंचगंगेची पातळी इशारा पातळीकडे निघाली की मुलीला आधीच पाहुण्यांकडे, रुग्णालयाच्या बाजूला हलवा. घरात पाणी शिरेपर्यंत थांबू नका.

नदीचं पाणी देवळात शिरतं तेव्हाच्या स्नानाचा, नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा तुमच्या दारातला, श्रद्धाही मोठी. मुलीला त्या पाण्यात उतरवू नका, तीर्थ पिऊ देऊ नका. घरातल्या मोठ्यांनी स्नान करून यावं, कपडे बदलून हात धुऊन तिच्याजवळ जावं. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल आणि नवरात्रातली अंबाबाईची गर्दी पांढऱ्या पेशी कमी असताना टाळायची. गुलालाची बारीक पूड फुप्फुसात जाते आणि गर्दीत गोवर-कांजिण्यांचं मूल शेजारी कधी उभं राहिलं ते कळत नाही. कांजिण्यांशी संबंध आला असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ठरावीक दिवसांच्या आत दिलं तर उपयोगी पडणारं औषध असतं.

खाण्यात एकच सक्तीचा बदल. आपल्याकडे धारोष्ण दूध ताकदीचं मानतात, गंगावेशीतल्या कट्ट्यावर लोक रांगा लावून पितात. या मुलीला ते नको. दूध उकळूनच. उघड्यावरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, घरी विरजलेलं शिळं दहीही नको. मटण-अंडं पूर्ण शिजलेलं चालतं. तांबड्या रश्श्याचं तिखट तोंड आलेलं असताना सोसत नाही, त्या दिवसांत पांढरा रस्सा, मऊ भात, शिरा द्या. स्टिरॉइडच्या आठवड्यांत भूक प्रचंड लागते आणि रक्तदाब चढतो, त्या दिवसांत मीठ कमी. लोणचं, पापड, भडंग बंद. रक्तदाब रोज मोजून घ्या. छिद्र असलेल्या हृदयाला चढलेला दाब विशेष जाचतो.

अर्जुनसालीचा काढा देऊ नका. उपचार चालू असताना यकृत आधीच केमोची औषधं पचवत असतं. काढा चालू असताना यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर कशामुळे बिघडल्या हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग केमो थांबवावी लागते. अंगारा कपाळाला लावायला आमची हरकत नाही. पोटात काही जायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

हृदयाच्या आणि कर्करोगाच्या औषधांची एकमेकांशीही टक्कर होते, आणि दोन डॉक्टर दोन वेगळ्या कागदांवर लिहीत असले की ती नजरेतून सुटते. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड आणि तापात दिलं जाणारं ॲमिकासिन एकत्र आले तर कानाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो. हृदयावरचा भार उतरवणाऱ्या एनालाप्रिलने पोटॅशियम वाढतं, न्यूमोनिया टाळायला देतात त्या कोट्रायमोक्साझोलनेही वाढतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन हृदयाच्या ठोक्याची विद्युत लय लांबवू शकतं, जुलाब होऊन पोटॅशियम घसरलं असेल तर जास्तच. बुरशीवरचं इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल व्हिन्क्रिस्टिनसोबत दिलं तर पोट घट्ट होणं, पाय लुळे पडणं असे त्रास वाढतात. यातलं काहीही तुम्ही स्वतः बंद करायचं नाही. सगळ्या औषधांची एकच यादी करा आणि नवीन चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे ती आधी ठेवा. पाठीच्या कण्यातून केमोचं इंजेक्शन देण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर दर वेळी.

मुंबई की कोल्हापूर? नावापेक्षा तिथे काय आहे ते विचारा. मुलांच्या कर्करोगाचे तज्ज्ञ पूर्णवेळ आहेत का? रात्री दोन वाजता प्लेटलेट मिळतात का? मुलांचा आयसीयू आहे का? बालहृदयरोगतज्ज्ञ त्याच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर आहेत का? पहिल्या टप्प्याअखेर एमआरडी ही, उरलेल्या थोड्याशा कर्करोगपेशी शोधणारी तपासणी होते का? उत्तरं होकारार्थी असतील तर घराजवळ राहण्याचा फायदा मोठा आहे. एखादं उत्तर नकारार्थी असेल, तर पहिले सहा-आठ महिने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात आणि मेंटेनन्स इकडे, अशी वाटणी दोन्हीकडचे डॉक्टर करून देतात. परळला वाडिया हे मुलांचं रुग्णालयही जवळच आहे. कर्करोगाच्या मुलांना आणि पालकांना मुंबईत मोफत राहण्याची सोय सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था करते, नाव टाटातल्या समाजसेवा विभागातून जातं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट मोफत, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला मात्र लागतो, तो महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला जाण्याआधी घ्या.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, बिल भरल्यावर ते पैसे परत मिळवणं अवघड जातं. पुढे छिद्राचं ऑपरेशन लागलंच तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बसतं. शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे आत्ताच नोंद करून ठेवा.

तुमची चूक? नाही. स्वीडनमधल्या नोंदींत हृदयाचा दोष घेऊन जन्मलेल्यांत पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं, तरी त्यातल्या बहुतेकांना तो कधीच झाला नाही. काही मुलांत दोन्हींच्या मुळाशी जनुकांतला एकच बदल असतो. डाऊन सिंड्रोम हे त्याचं ठळक उदाहरण: या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो आणि ल्युकेमियाही त्यांच्यात जास्त दिसतो. (ज्या वाचकांचं मूल डाऊन सिंड्रोमचं आहे त्यांच्यासाठी: लहान वयातल्या एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात उपचाराला ही मुलं खूप चांगली दाद देतात आणि कमी तीव्रतेचा उपचार त्यांना पुरतो. मेथोट्रेक्सेट आणि जंतुसंसर्ग मात्र त्यांना जास्त बाधतात.) गरोदरपणी तुम्ही काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेलात का, याचा यात काही संबंध नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

ती वाचेल का? श्रीमंत देशांत अशा कमी धोक्याच्या गटातली दहापैकी नऊहून जास्त मुलं बरी होतात. भारतातल्या चांगल्या केंद्रांत आकडा त्याहून खाली आहे, तरी बहुसंख्य मुलं बरी होतात. हा फरक औषधांमुळे फारसा पडत नाही, औषधं तीच आहेत. तो पडतो संसर्गाने जाणाऱ्या मुलांमुळे आणि मध्येच उपचार सोडणाऱ्या घरांमुळे. लहान छिद्रामुळे देखरेख वाढते, एखादा डोस दोन दिवस पुढे जाऊ शकतो, पण पूर्ण उपचार देता येतो. तिच्या बाबतीत नेमकं काय ते दोन तपासण्या सांगतील. स्टिरॉइड सुरू झाल्यावर आठव्या दिवशी रक्तातल्या बिघडलेल्या पेशी हजाराच्या खाली आल्या का, आणि पहिला टप्पा संपल्यावर एमआरडी 0.01 टक्क्याच्या खाली आहे का. दोन्ही अनुकूल आले तर आशेला भक्कम आधार आहे. नाही आले तरी उपचार संपत नाहीत, वाढवले जातात.

पहिल्या सहा-आठ महिन्यांनंतर मुलगी खेळायला लागेल, केस परत येतील आणि मेंटेनन्सच्या रोजच्या गोळ्या कंटाळवाण्या वाटतील. इथेच सर्वांत जास्त घरं ढिली पडतात. अमेरिकेतल्या अभ्यासात 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. 95 टक्के म्हणजे वीस दिवसांत एकच चुकलेली गोळी. मर्कॅप्टोप्युरिन रोज रात्री ठरल्या वेळी द्या आणि कॅलेंडरवर खूण करा. ऊसतोडणी, लग्नसराई, परीक्षा, काही असो.

उपचार संपल्यावर रुग्णालयाकडून एका पानाचा गोषवारा मागून घ्या: कोणती औषधं, ॲन्थ्रासायक्लिन एकूण किती, छातीला रेडिएशन दिलं का, शेवटचा इको. एकूण डोस 100 ते 250 मध्ये असेल तर केमोमुळे होणाऱ्या इजेसाठी पाच वर्षांतून एकदा इको पुरतो, 250 च्या वर दोन वर्षांतून एकदा. तुमच्या मुलीला छिद्रासाठी हृदयरोगतज्ज्ञ त्याहून लवकर बोलावतील, त्याच वेळी दोन्ही बघून होईल. हे पान तिच्या शाळेच्या दाखल्यांसोबत ठेवा. ती मोठी होऊन गरोदर राहील तेव्हा तिच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत दाखवायचं आहे.